रंग चेहऱ्याचा की उजेडाचा?

घरात लग्न झाले, बाळाचे नामकरण झाले, की पुढचे चार दिवस सगळ्यांचे डोळे फोटोंकडे लागलेले असतात. पूर्वी स्टुडिओवाला रीळ धुऊन फोटोंचे पाकीट आणून द्यायचा आणि ते पाकीट घरभर हातोहात फिरायचे. आता मोबाइलवर पन्नास फोटो एकदम येऊन पडतात. साधन बदलले, पण फोटो पाहताना निघणारे उद्गार काही बदललेले नाहीत. "अगं बाई, किती काळी आलीय ही!" "या फोटोत मामा ओळखूच येत नाहीत." "हा नको, दुसरा लावा, यात पोरगी काळवंडलेली दिसते." आणि जिच्याबद्दल हे बोलले जाते ती पोरगी बहुधा तिथेच उभी असते. ती हसण्यावारी नेते. पण पुढच्या वेळी फोटो काढायचा म्हटला, की ती आपणहून मागच्या रांगेत जाऊन उभी राहते. आपल्यापैकी किती जणांच्या हे लक्षात येते?

या आठवड्यात आम्ही या 'काळा आला' प्रकाराची चौकशी करणार आहोत. दोष चेहऱ्याचा, उजेडाचा, भिंतीचा, की यंत्राचा? यासाठी रंगांचे थोडे शास्त्र समजून घ्यावे लागेल. घाबरू नका, त्याला पदरचा पैसा लागत नाही. घरातला साधा मोबाइल, खिडकी, एखादी साडी आणि स्वयंपाकघरातले ताट एवढ्यावर सगळे करून पाहता येते.

रंग राहतो कुठे?

टोमॅटो लाल आहे असे आपण म्हणतो. पण रात्री दिवे गेले असताना तोच टोमॅटो लाल दिसतो का? नाही. म्हणजे रंग एकट्या टोमॅटोत राहत नाही. उजेड, वस्तू आणि पाहणारा डोळा या तिघांची गाठ पडते तेव्हा तो तयार होतो. इंग्लंडच्या आयझॅक न्यूटन यांनी १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत उन्हाची बारीक तिरीप काचेच्या लोलकातून सोडली, तेव्हा भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडला. पांढरा दिसणारा उजेड हा सगळ्या रंगांचे मिश्रण आहे, हे त्यांनी दाखवून दिले. टोमॅटो त्या मिश्रणातला तांबडा भाग परत फेकतो आणि बाकीचा बराचसा गिळून टाकतो, म्हणून तो लाल. पांढरी साडी जवळजवळ सगळा उजेड परत फेकते. तव्याचे काळे बूड जवळजवळ सगळा गिळते.

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार तांबड्या बाजूच्या, दुसरा हिरव्या बाजूच्या आणि तिसरा निळ्या बाजूच्या उजेडाला अधिक दाद देतो. या तिघांच्या साक्षीवरून मेंदू बाकीचे सगळे रंग जुळवतो. हाच धागा धरून स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये एक प्रयोग दाखवला. एका रंगीत फितीचे तीन कृष्णधवल फोटो तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतले होते. तीन दिव्यांपुढे त्या त्या रंगाच्या गाळण्या लावून ते तिन्ही एकाच पडद्यावर एकमेकांवर टाकले, तेव्हा फीत रंगीत दिसली. रंगीत फोटोचा पाया तो.

तुमच्या खिशातल्या मोबाइलचेही काम याच पद्धतीने चालते. १९७६ साली ब्राइस बायर या अमेरिकन शास्त्रज्ञाला एका रचनेचे पेटंट मिळाले. कॅमेऱ्यातल्या संवेदकावर बारीक चौकोनांची जाळी असते. चार चौकोनांत दोन हिरवे, एक तांबडा आणि एक निळा. आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या बाजूच्या उजेडात अधिक कळतात, म्हणून हिरवे दुप्पट. आजही बहुतेक कॅमेरे हीच रचना किंवा तिचा भाऊबंद वापरतात. फोनच्या पडद्याचेही तेच. पडद्यावर पांढरे चित्र उघडा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगासारखा काम करतो आणि पांढऱ्याच्या पोटातले तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. मुलांना हे जरूर दाखवा. रंगपेटीतला लाल आणि हिरवा एकत्र कालवला तर मळकट तपकिरी होतो, पण लाल आणि हिरवा उजेड एकत्र आला तर पिवळा होतो. ही गंमत त्यांना थेंबात पाहून चटकन पटेल.

उजेडालाही रंग असतो

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापते तेव्हा आधी लाल होते, मग नारिंगी-पिवळे आणि खूप तापले की पांढरे. उजेडाचा रंग मोजण्याची पद्धत यावरूनच आली. तिचे एकक केल्व्हिन. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्व्हिन, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचा ५५०० आणि निरभ्र दिवशी सावलीतला ७००० किंवा त्याहूनही वर. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा-तांबूस आणि जितका मोठा तितका निळसर. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ३००० के किंवा ६५०० के असे छापलेले असते, ते हेच.

आपला मेंदू मोठा समजूतदार आहे. पिवळ्या बल्बखाली बसलो तरी पांढरी चादर आपल्याला पांढरीच वाटते, कारण तो हिशेब करून रंग सुधारून घेतो. कॅमेऱ्याला ती समज नाही. तो अंदाज बांधतो. त्या अंदाजाला व्हाइट बॅलन्स म्हणतात आणि तो चुकला की चेहरे पिवळे किंवा निळे होतात. खोलीत एकीकडे पिवळा बल्ब, दुसरीकडे पांढरी ट्यूब आणि दारातून दिवसाचा उजेड असला, की कॅमेऱ्याची पुरती त्रेधा उडते. एका गालावर हळद आणि दुसऱ्यावर नीळ असा प्रकार होतो. उपाय साधा. एकच उजेड ठेवा. दाराखिडकीचा उजेड पुरेसा असेल तर दिवे बंद करा.

उजेड ज्या वस्तूवर आपटून किंवा ज्या कापडातून गाळून येतो, तिचा रंगही तो बरोबर घेऊन येतो. आपल्या खोल्यांना पोपटी, गुलाबी, आकाशी रंग असतो. पोपटी भिंतीला चिकटून उभे राहिले, की गालावर हिरवी झाक येते आणि माणूस आजारी दिसतो. पावसाळ्यात छपरावर निळी ताडपत्री टाकलेली असेल तर खाली बसलेले सगळे निळसर येतात. मांडवाचे कापड लाल-पिवळे असेल तर नवरीची पांढरी साडी गुलाबी होते आणि चेहऱ्यावर तांबूसपणा चढतो. तिथे मुलीच्या रंगाला नावे ठेवण्यात काय अर्थ? मांडवाच्या कडेला, मोकळ्या सावलीत दोन पावले बाहेर या. फरक जागच्या जागी दिसेल.

शेजाऱ्याचा गुण

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' अशी आपली म्हण आहे. रंगांच्या बाबतीत मात्र वाणही लागतो! हे शोधून काढले ते एका कापडाच्या तक्रारीतून. ज्यांच्या घरात गिरणीत राबलेली माणसे होऊन गेली, त्यांना ही हकिकत जवळची वाटेल.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा विणकामाचा मोठा कारखाना आहे. तिथल्या रंगखात्याचे प्रमुख म्हणून १८२४ साली मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ आले. कारखान्यातला काळा रंग कच्चा आहे, तो निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ विणला की फिका पडतो, अशी तक्रार होती. शेव्रल यांनी रंगाची परीक्षा केली. रंग चोख निघाला. रंगाऱ्यांचा काही दोष नव्हता. मग त्यांनी शेजारच्या धाग्यांकडे पाहिले आणि उलगडा झाला. दोन रंग शेजारी आले, की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. फिक्याशेजारी गडद अधिक गडद दिसतो, लालाशेजारी हिरवा अधिक हिरवा दिसतो. १८३९ साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो पुढे चित्रकारांना फार उपयोगी पडला. शेव्रल १०२ वर्षे जगले. १८८६ साली त्यांची शंभरी झाली, तेव्हा पॅरिसचे नामांकित छायाचित्रकार नादार यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि बोलता बोलता मुलाने फोटो काढले. फोटोंसह छापलेली ती जगातली पहिली मुलाखत मानतात.

घरी पडताळा घ्यायचा तर लाल कापडाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि लगेच पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवा. भिंतीवर निळसर-हिरवा डाग तरंगताना दिसेल. लाल पाहून थकलेला डोळा त्याचा विरोधी रंग आपणच तयार करतो. चित्रकार ज्यांना विरोधी जोड्या म्हणतात, त्या ढोबळमानाने लाल-हिरवा, निळा-नारिंगी आणि पिवळा-जांभळा. ताटातल्या हिरव्या कोथिंबिरीवर लाल मिरची उठून दिसते ती यामुळेच. दोघी एकमेकींना उजळवतात.

आता हे माणसाला लावून पाहा. गोरा असो, सावळा असो की काळा असो, माणसाच्या कातडीचा मूळ रंग नारिंगी-तपकिरीच्या घरातला असतो. फरक असतो तो फिका की गडद एवढाच. म्हणून निळी, आकाशी किंवा मोरपंखी पार्श्वभूमी कोणत्याही माणसाच्या चेहऱ्याला उठाव देते. पुष्कळ स्टुडिओंत निळा पडदा टांगलेला असतो, तो उगाच नव्हे. उलट, सावळ्या माणसाला झगझगीत चुना लावलेल्या भिंतीपुढे उभे केले, तर शेव्रल यांच्या काळ्या धाग्याचेच होते. भिंत पांढरी, म्हणून माणूस आहे त्यापेक्षा काळा भासतो. भिंत बदला, माणूस नको.

पांढऱ्या साड्यांचा घोळका

हे झाले डोळ्याचे. आता यंत्राचे पाहू. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, फक्त उजेड किती आला ते कळते. समोरचे सगळे मिळून सरासरी मध्यम करडे असते, असे धरून तो उजेड कमी-जास्त करतो. छायाचित्रकार ज्याला अठरा टक्के करडा म्हणतात तो हा. समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या पंधरा-वीस बायाबापड्या उभ्या राहिल्या, मागे पांढरी भिंत आणि वर लख्ख आभाळ असले, की कॅमेरा म्हणतो, 'अरे, फारच उजेड झाला!' आणि तो सगळेच दाबतो. साड्या शुभ्रऐवजी मळकट येतात आणि चेहरे काळेठिक्कर. नव्या फोनमध्ये चेहरा ओळखून उजेड ठरवण्याची सोय असते, पण मोठा घोळका आणि मागून उजेड असला की तीही अनेकदा हार खाते. आपल्याकडे मंगलप्रसंगी पांढरी वस्त्रे नेसण्याची रीत आहे, म्हणून ही अडचण आपल्या घरात जरा जास्तच येते.

उपाय लिहून ठेवा. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये तिथे एक चौकोन आणि छोटा सूर्य उमटतो. तो सूर्य हळूच वर सरकवा, चेहऱ्याचे नाक-डोळे स्वच्छ दिसेपर्यंत. साडीच्या चुण्या पुसल्या जाऊ लागल्या की थांबा. फोटो काढणाऱ्याने उजेडाकडे पाठ करावी, फोटोतल्यांनी उजेडाकडे तोंड करावे. पण भर उन्हात नको, डोळे किलकिले होतात आणि डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. झाडाची किंवा इमारतीची मोकळी सावली सगळ्यांत उत्तम. सावळ्या कातडीवर समोरून फ्लॅश मारला तर कपाळावर आणि नाकावर चकाकी येते व बाकीचा चेहरा विझतो. तिला बाजूने येणारा, पसरलेला, मऊ उजेड हवा. खिडकीपासून हातभर अंतरावर बसवा आणि दुसऱ्या बाजूला कोणाला तरी पांढरी चादर धरून उभे करा. चादरीवरून परतलेला उजेड अंधाऱ्या गालावर जातो. एवढ्याने गालाचे हाड, कपाळावरच्या रेषा, डोळ्यांतले पाणी सगळे दिसू लागते.

यंत्र कोणाच्या डोळ्यांनी पाहते?

घराघरात बाबासाहेबांची निळ्या कोटातली तसबीर असते. त्यांचे आपल्या ओळखीचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. त्यावरून तसबिरी रंगवणाऱ्या चित्रकारांनी कोटाला निळा रंग दिला आणि तो आपल्या मनात कायमचा बसला. वेगवेगळ्या वर्षांच्या दोन-चार कॅलेंडरवरच्या तसबिरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोटाचा निळा एकेकीत वेगळा आणि चेहऱ्याचा रंगही वेगळा. म्हणजे चित्रात रंग कोणता असावा हे कोणीतरी ठरवत असते. फोटोच्या यंत्रातही तसेच आहे, फक्त ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही.

अमेरिकेतील कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटो छापणाऱ्यांकडे एक नमुना फोटो पाठवू लागली. त्यात रंगीत कपड्यांतली एक गोरी बाई असे. कंपनीतल्याच शर्ली नावाच्या मॉडेलवरून त्याला शर्ली कार्ड हे नाव पडले. यंत्र लावताना तिची कातडी बरोबर दिसली, की रंग बरोबर लागले असे धरायचे. पुढे कार्डावरच्या बाया बदलल्या, पण त्या बहुतेक गोऱ्याच राहिल्या. रिळावरचा रासायनिक थरही त्याच मापाने जुळवलेला. साहजिकच एका वर्गातल्या गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र फोटो काढला, की गोऱ्यांचे चेहरे छान यायचे आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. त्या मुलांच्या आयांनी तक्रारी केल्या. पण लोर्ना रॉथ या कॅनडातील संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जे पुढे आले, ते वाचून मन विषण्ण होते. गडद रंग नीट टिपण्याकडे कंपनीने लक्ष दिले, त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कारखानदारांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. लाकडाचे दोन प्रकार आणि चॉकलेटचे दोन प्रकार फोटोत वेगळे ओळखू येत नाहीत, ही त्यांची अडचण. काळ्या पोराच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटची वडी आधी ऐकली गेली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड कोडॅकने काढले ते १९९० च्या दशकात.

दुसरी हकिकत कामगारांची आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती, तेव्हा काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरायलाही पासबुक जवळ बाळगावे लागे. त्यावर फोटो लागे आणि त्यासाठी अमेरिकेच्या पोलरॉइड कंपनीचा झटपट फोटो काढणारा कॅमेरा वापरला जाई. १९७० साली त्याच कंपनीत काम करणारे केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर या दोघा काळ्या कर्मचाऱ्यांना हे कळले. त्यांनी कामगारांची चळवळ उभारली, कंपनीच्या मालावर बहिष्काराची हाक दिली. दोघांनाही नोकरीला मुकावे लागले. पण चळवळ थांबली नाही आणि १९७७ साली पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद करावा लागला. फोटोच्या यंत्राला जाब विचारता येतो, हे दोन साध्या नोकरदारांनी दाखवून दिले.

अलीकडे काही फरक पडतो आहे. गूगलने २०२१ साली आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सर्व वर्णांचे चेहरे नीट यावेत म्हणून सुधारणा केली. २०२२ साली हार्वर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्याबरोबर तयार केलेली कातडीच्या दहा छटांची मोजपट्टी जाहीर केली. ज्या मापाने जग मोजायचे त्या मापातच सावळा आणि काळा माणूस धरला गेला पाहिजे. इतकी साधी गोष्ट, पण तिला एवढी वर्षे लागली.

गोरे करणारे बटण

पण आपल्या हातातल्या फोनमध्ये आणखी एक करामत बसलेली असते. ब्युटी नावाची. पुष्कळ फोनमध्ये ती आपोआप चालू असते. ती कातडीवरचे डाग, सुरकुत्या, तीळ पुसते आणि रंगही उजळ करते. वधू-वर परिचय मेळाव्याला मुलीचा फोटो द्यायचा असला, की घरातली मंडळीच सांगतात, "जरा गोरा करून आण." फोटोवालाही न सांगता दोन छटा उजळवून देतो. मग पाहुणे घरी येतात. मुलगी बाहेर येते आणि पाहुणे आधी तिच्याकडे, मग फोटोकडे पाहतात. ती नजर ज्या मुलीने झेलली आहे, तिला विचारा. गुन्हा केला फोटोने आणि मान खाली घालते ती.

गोरेपणाचे हे वेड फुकट पोसलेले नाही, त्यावर मोठा धंदा उभा राहिला. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द कंपनीने २०२० साली काढला. तिथपर्यंत यायला ४५ वर्षे लागली. डबीवरचा शब्द गेला, आता मनातला कधी जाणार?

शास्त्र काय सांगते? कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून कातडीचे रक्षण करते. जिथे ऊन प्रखर, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांच्या अंगी ते जास्त असते. उन्हात बांधकामावर, शेतात, रस्त्यावर राबणाऱ्याच्या अंगावर त्याचा आणखी एक थर चढतो. तो आपल्या आजोबांच्या आणि आईच्या कष्टांचा थर आहे. बटण दाबून तो पुसायचा, म्हणजे नातवंडांसाठी मागे ठेवायचे ते कोणाचे तोंड? वीस वर्षांनी अल्बम उघडल्यावर ती विचारतील, "आजी खरंच कशी दिसायची?" आणि घरात आजीचा एकही खरा फोटो नसेल.

कोणी म्हणेल, आता तुम्ही उजेड वाढवायला सांगितला, तोही फोटो गोरा करणेच नाही का? नाही. कॅमेऱ्याने दाबलेला उजेड परत आणला, की माणूस आहे तसा दिसतो. त्याची सावळी कांती तजेलदार येते, कपाळावरची रेष दिसते, गालावरचा तीळ दिसतो. गोरे करणारे बटण नेमके तेच पुसून टाकते. फोटो हातात धरून माणसाला शेजारी उभे करा. दोघांत तफावत नसली, तर फोटो चांगला.

रविवारचा अभ्यास

येत्या रविवारी मुलांना जवळ घ्या आणि एवढे करा. ताटात चिमूटभर हळद, दोन लाल मिरच्या, कोथिंबीर, एक वांगे आणि पांढरा रुमाल ठेवा. त्याच ताटाचे चार फोटो काढा. खिडकीपाशी, घरातल्या दिव्याखाली, दुपारी उन्हात आणि दाराबाहेरच्या सावलीत. चारही फोटो शेजारी लावून मुलांना विचारा, रुमाल कोणत्या फोटोत पांढरा आहे, कोणत्यात पिवळा, कोणत्यात निळा? हळदीचा रंग कुठे खुलला? रुमाल तर एकच होता. रंग का बदलला, हे मूल आपल्या तोंडाने सांगेल आणि तो धडा विसरणार नाही.

मग ब्युटीचे बटण बंद करा आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दारातल्या उजेडात बसवा. आजीला तिच्या आवडीची साडी नेसू द्या. मागे निळी चादर किंवा गडद लुगडे टांगा. चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड हवा तेवढा वाढवा आणि तिला बोलते ठेवून फोटो काढा. फोटो आधी तिलाच दाखवा. आणि जी मुलगी मागच्या रांगेत जाऊन उभी राहते, तिच्याच हातात कॅमेरा द्या. उजेड, भिंत आणि शेजारचा रंग यांची करामत तिला एकदा कळली, की 'काळी आलीस' म्हणणाऱ्याला ती दोन पावले सावलीत उभे करून फोटो काढून दाखवील.

असे काढलेले निवडक फोटो स्टुडिओत छापून घ्या. फोन हरवतो, बिघडतो, कागद घरात राहतो. मात्र कागदालाही ओल आणि ऊन लागते. तेव्हा जुने फोटो पावसाळ्यात कसे सांभाळावेत, हे पुढच्या आठवड्यात याच ठिकाणी पाहू.